एचआयव्हीची तपासणी आणि निकालाचा दिवस: नाशिकमध्ये प्रथमच जाणाऱ्यांसाठी

एचआयव्हीच्या तपासणीला निघालेला नाशिककर सुईला फारसा घाबरत नाही. सिव्हिलच्या आवारात कोणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे, याचीच त्याला अधिक धास्ती असते. शहर कितीही वाढले असले, तरी सिडकोतला माणूस त्र्यंबक नाक्यावर उतरला की मागच्या गल्लीतले कोणीतरी समोर येतेच. या एका धास्तीपायी तपासणी आठवड्याने पुढे जाते, मग महिन्याने, आणि पुढे ‘आता दिवाळीनंतर बघू’ येथवर गोष्ट पोहोचते.

मी डॉक्टर नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्रासोबत मी या तपासणीला गेलो होतो आणि बाकावर नुसते बसून राहण्यापेक्षा बरे म्हणून त्याच दिवशी स्वतःचीही तपासणी करून घेतली. त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा जणांना सोबत म्हणून गेलो. त्यांतील बहुतेकांचा निकाल निगेटिव्ह आला, दोघांचा पॉझिटिव्ह आला. या सर्वांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी होती: धास्तीमुळे माणूस तारखा विसरतो, आणि या कामात सर्वाधिक उपयोगाच्या असतात त्या तारखाच. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर कागदावर एक तारीख लिहिण्याचा आग्रह मी धरणार आहे.

पहिली पायरी: धोक्याची तारीख

एचआयव्ही चार मार्गांनीच पसरतो: निरोधाविना झालेला लैंगिक संबंध, बाधित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई किंवा सिरिंज, आणि बाधित आईकडून बाळाला. एकत्र जेवणे, एकच संडास वापरणे, डास चावणे, शिंकणे किंवा हात मिळवणे यांतून तो पसरत नाही. वरच्या चार मार्गांपैकी एखादा तुमच्या बाबतीत घडला असेल, तर तो शेवटचा कधी घडला ती तारीख लिहून काढा. नेमकी आठवत नसेल तर ‘महाशिवरात्रीच्या आसपास’ एवढे लिहिले तरी चालेल.

ही तारीख गेल्या ७२ तासांतील असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. संसर्ग रोखण्यासाठी २८ दिवस घ्यायचे औषध उपलब्ध असून डॉक्टर त्याला ‘पेप’ म्हणतात. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक असतो. सिव्हिलच्या अपघात विभागात विचारा, तेथे अडचण आली तर संसर्गजन्य आजारांच्या खासगी तज्ज्ञाकडे जा, पण ‘उद्या सकाळी ओपीडीत दाखवू’ असे म्हणत रात्र घालवू नका.

तारीख त्याहून जुनी असेल, तर विंडो पिरियड समजून घ्यावा लागतो. विषाणू शरीरात शिरल्यानंतर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात, आणि सरकारी केंद्रांतील झटपट चाचण्या मुख्यतः ही प्रतिपिंडेच शोधतात. त्यामुळे संसर्ग झालेला असूनही सुरुवातीच्या काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. हा काळ सुमारे तीन महिन्यांचा धरला जातो. काही खासगी प्रयोगशाळांत चौथ्या पिढीची चाचणी होते. ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी २४ हे प्रथिनही शोधत असल्याने बहुतेक संसर्ग साधारण ४५ दिवसांत दाखवते. तरीही सरकारी केंद्रात तुम्हाला तीन महिन्यांनंतरची तारीख सांगितली जाईल, आणि तीच पाळावी.

याचा अर्थ तीन महिने हातावर हात ठेवून बसा, असा नाही. समजा, धोका १० मार्चला घडला, तर आज एक तपासणी करून घ्या, म्हणजे पूर्वीचे काही असेल तर कळेल, आणि कागदावर १० जून लिहा. त्या दिवशी किंवा त्यानंतर केलेली तपासणी त्या एका प्रसंगापुरता प्रश्न मिटवते. मात्र मधल्या काळात निरोध वापरलाच पाहिजे, नाहीतर १० जूनला काही अर्थ उरत नाही आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागते. पेपचा कोर्स घेतलेल्यांनी पुढची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांकडून वेगळे विचारून घ्यावे.

येथे एक कळकळीची सूचना. कोणाला कळू न देता तपासणी होते म्हणून काही जण रक्तदान शिबिरात नाव नोंदवतात. रक्तपेढी प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी चाचणी करते हे खरे, पण विंडो पिरियडमधील रक्त त्या चाचणीतून निसटू शकते आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातग्रस्ताला चढवले जाऊ शकते. मनात शंका असताना रक्तदान करायचे नाही, हा नियम शंका फिटेपर्यंत पाळा.

दुसरी पायरी: ठिकाण निवडणे

सरकारी तपासणी केंद्राचे पूर्ण नाव एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र असे असले, तरी दवाखान्यात सगळे ‘आयसीटीसी’च म्हणतात आणि दारावरही बहुधा तेच लिहिलेले असते. तेथे समुपदेशन, चाचणी आणि निकाल यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. नाशिक शहरात सर्वांच्या परिचयाचे ठिकाण म्हणजे त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालय, अर्थात सिव्हिल. ठक्कर बाजार आणि सीबीएस दोन्ही जवळ असल्याने तालुक्यातून एसटीने येणाऱ्यांना ते सोयीचे पडते. महापालिकेच्या रुग्णालयांपैकी कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचे बिटको येथेही चौकशी करता येईल. जिल्ह्यात मालेगावचे सामान्य रुग्णालय, निफाड आणि कळवणसारखी उपजिल्हा रुग्णालये आणि तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालये आहेत. घराजवळचे केंद्र ठाऊक नसेल तर १०९७ या विनामूल्य राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करा. मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नसते.

तुम्ही राहता त्या भागातल्याच केंद्रात गेले पाहिजे, असा नियम नाही. नाशिकरोडच्या माणसाने सिव्हिलला यावे, सातपूरच्या माणसाने नाशिकरोडला जावे, सिन्नरच्या माणसाने दोन्ही टाळून तिसरीकडे जावे, कोणी विचारत नाही. ओळखीच्या माणसाची भीती खरोखर मोठी असेल, तर जरा दूरचे केंद्र निवडणे हा पळपुटेपणा मुळीच नाही. मात्र आयसीटीसीत गरोदर स्त्रिया, क्षयरोगाचे रुग्ण, शस्त्रक्रियेआधी पाठवलेले लोक असे सगळेच येत असतात. त्यामुळे तेथे कोणी दिसलाच, तर त्याला तुमच्याविषयी तेवढेच कळते जेवढे तुम्हाला त्याच्याविषयी कळते, म्हणजे काहीच नाही. माझ्या मित्राला त्या बाकावर त्याच्या कंपनीतला एक सहकारी भेटला होता. दोघांनी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि आपापल्या वाटेने गेले.

खासगी प्रयोगशाळेचा पर्याय आहेच. तेथे गर्दी कमी असते आणि पैसे द्यावे लागतात, पण समुपदेशन बहुधा होत नाही. मी सोबत गेलो होतो अशा एका खासगी ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने दहा माणसांसमोर ‘एचआयव्हीवाले कोण?’ असे मोठ्याने विचारले होते. तेव्हापासून माझा कौल सरकारी केंद्राच्या बाजूने आहे. तुम्ही खासगीत गेलातच आणि कागदावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे चाचणीत संसर्गाची खूण दिसली) हा शब्द आला, तर तो अंतिम निकाल समजू नका. तो कागद घेऊन आयसीटीसीत जा आणि खात्री करून घ्या.

तिसरी पायरी: खोलीत काय घडते

सकाळी लवकर जा. केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगावा लागेल या भीतीने काही जण तेथूनच परततात. ‘आयसीटीसीला जायचे आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. उपाशीपोटी जाण्याची आवश्यकता नसते, आणि घाबरलेल्या माणसाने तर दोन घास खाऊनच जावे.

आत प्रथम समुपदेशक भेटतात. दार लावून होणारे हे संभाषण पंधरा-वीस मिनिटांचे असू शकते. तुम्ही का आलात, धोका कोणता व कधीचा, जोडीदार आहे का, क्षयरोगाची लक्षणे म्हणजे खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे यांपैकी काही आहे का, असे प्रश्न ते विचारतात. प्रश्न खासगी असले तरी समुपदेशक दिवसभर हेच ऐकत असतात आणि तुमच्या उत्तराने त्यांना धक्का बसणार नाही. तारखेचा कागद येथे बाहेर काढा. खोटे सांगितल्यास नुकसान तुमचेच, कारण विंडो पिरियडचा सारा हिशेब तुमच्या उत्तरावर उभा असतो.

त्यानंतर संमतीचा प्रश्न येतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुम्हाला समजावून सांगून, तुमची संमती घेऊनच ही चाचणी करता येते. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती लागते. कागद वाचा, न समजल्यास वाचून दाखवायला सांगा, आणि सही केल्यानंतरही मन बदलले तर तसे म्हणा.

दंडातून थोडेसे रक्त घेतात आणि झटपट चाचणी असल्याने निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. मधला वेळ बाहेरच्या बाकावर काढायचा असतो, आणि तो फार लांब वाटतो. सोबत कोणी असेल तर बरे. मोबाइलवर आजाराविषयी शोधत बसू नका, चहा प्या.

चौथी पायरी: कागदावरची भाषा

पहिली चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर निकाल निगेटिव्ह दिला जातो. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच रक्ताच्या नमुन्यावर वेगवेगळ्या प्रकारच्या आणखी दोन चाचण्या करतात, आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हटले जाते. एका चाचणीवर कोणाला पॉझिटिव्ह ठरवायचे नाही, यामागचे कारण सरळ आहे: कोणतीही एक चाचणी क्वचित चुकू शकते, पण तीन निरनिराळ्या चाचण्या एकाच दिशेने चुकण्याची शक्यता फारच थोडी असते. लहान आरोग्य केंद्रांत केवळ पहिली चाचणी होते आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आल्यास खात्रीसाठी मोठ्या केंद्रात पाठवतात. त्यामुळे ‘सिव्हिलला जा’ हे वाक्य ऐकले की सारे संपले, असे मानू नका.

क्वचित तिन्ही चाचण्यांचे आपापसांत जुळत नाही आणि निकाल ‘अनिश्चित’ येतो. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. हे दिवस फार जड जातात हे मान्य, तरी ती तारीख कागदावर लिहा आणि तोवर निरोधाविना संबंध टाळा. याच काळात आणखी तीन प्रयोगशाळांत जाऊन तीन वेगळे कागद गोळा करण्याचा मोह होतो. त्याने गोंधळ वाढण्यापलीकडे काही साधत नाही.

निकाल निगेटिव्ह आला तर

हा भाग लहानच ठेवतो. धोक्याला तीन महिने होऊन गेले असतील आणि मधे नवा धोका घडला नसेल, तर त्या प्रसंगाची चिंता संपली. तीन महिने झाले नसतील तर कागदावरच्या पुढच्या तारखेला पुन्हा या. निकाल मनाजोगता आला म्हणून अनेक जण दुसऱ्यांदा येतच नाहीत, आणि माझ्या मते ही सर्वांत सामान्य चूक होय. ज्यांना धोका वारंवार येतो त्यांनी दर काही महिन्यांनी तपासणीचा परिपाठ ठेवावा आणि संसर्ग टाळण्यासाठी आधीच घेण्याच्या ‘प्रेप’ या औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे. एक मात्र ध्यानात असू द्या: तुमचा निकाल हा जोडीदाराचा निकाल नव्हे. त्याने किंवा तिने स्वतंत्र तपासणी करून घ्यायला हवी.

निकाल पॉझिटिव्ह आला तर: तो पहिला दिवस

समुपदेशक निकाल बंद खोलीत, तुम्हाला एकट्यालाच सांगतात. सोबतच्या माणसाला आत घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. त्यानंतरची दहा मिनिटे काय बोलले गेले, ते मी ज्या दोघांसोबत होतो त्यांच्यापैकी एकालाही पुढे आठवले नाही. त्यातला एक जण बाहेर येऊन मला म्हणाला, “दादा, ते काय म्हणाले हो? गोळ्या कुठून घ्यायच्या?” म्हणून कागद-पेन जवळ ठेवा आणि समुपदेशकांनाच तीन गोष्टी लिहून द्यायला सांगा: पुढे कोठे जायचे, कोणत्या तारखेला, आणि तेथे कोणाला भेटायचे.

त्या दिवशी काही गोष्टी करू नयेत असे मला आग्रहाने सांगायचे आहे. घरी एकटे जाऊ नका. नोकरीचा राजीनामा, लग्न मोडणे, गाव सोडणे यांपैकी कोणताही निर्णय त्या दिवशी घेऊ नका. ‘कोणामुळे झाले’ याचा शोध घेत कोणाला फोन करू नका, कारण चाचणी संसर्ग आहे एवढेच सांगते, तो कधी आणि कोणाकडून झाला हे सांगू शकत नाही. दारूच्या नादात कोणाजवळ बोलून बसू नका, कारण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. आणि जीव नकोसा झाल्याची भावना दाटून आली, तर लाज न बाळगता समुपदेशकांना त्याच वेळी सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

एक गोष्ट पुढच्या आठवड्यात सावकाश ध्यानात येते, ती येथेच सांगून ठेवतो. या विषाणूला शरीरातून पूर्णपणे काढून टाकणारे औषध आज दवाखान्यात मिळत नाही हे खरे. परंतु जी औषधे मिळतात ती विषाणूला एवढे दाबून ठेवतात की नियमित गोळ्या घेणारा माणूस कामधंदा करतो, लग्न करतो, मुले जन्माला घालतो आणि म्हातारा होतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या नातेवाइकाचे जे पाहिले, त्यावरून आजचा अंदाज बांधू नका. सरकारी पातळीवर मोफत औषधे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि तुम्ही जे पाहिले ते कदाचित त्याच्याही आधीचे असेल.

पाचवी पायरी: एआरटी केंद्र

पॉझिटिव्ह निकालानंतरचे उपचार एआरटी केंद्रात होतात (एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधे), आणि नाशिकमध्ये ते केंद्र जिल्हा शासकीय रुग्णालयात आहे. आयसीटीसीतून चिठ्ठी मिळते, ती घेऊन शक्यतो त्याच दिवशी नाहीतर त्याच आठवड्यात जा. पूर्वी प्रतिकारशक्ती अमुक पातळीच्या खाली उतरेपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून भारतात निकाल पॉझिटिव्ह आला की, सीडी फोर (रक्तातील प्रतिकारपेशींची संख्या) कितीही असो, उपचार सुरू करायचे धोरण आहे. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही, मग गोळ्या कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे, की त्रास सुरू होण्याआधी गोळ्या सुरू केल्यानेच पुढे त्रास होत नाही.

नोंदणी झाल्यावर रक्ताच्या आणखी तपासण्या होतात: सीडी फोर, रक्तपेशी, मूत्रपिंड व यकृताचे काम, रक्तातील साखर, कावीळ बी व सी, गुप्तरोगाची चाचणी. क्षयरोगाची तपासणीही नक्की करतात, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाला सर्वाधिक धोका क्षयरोगाचाच असतो. क्षयरोग आढळल्यास आधी त्याचे औषध सुरू होते आणि एआरटी काही दिवस मागे ठेवली जाते, तेव्हा हा विलंब पाहून घाबरू नका.

प्रौढांना साधारणपणे दिवसाला एकच गोळी दिली जाते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, डोकेदुखी किंवा झोप कमी होणे असा त्रास होऊ शकतो आणि तो बहुधा ओसरतो. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्या. अ‍ॅसिडिटीवरची काही औषधे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोलुटेग्रॅव्हिरचे शोषण कमी करतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस बदलावा लागू शकतो आणि क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनबरोबर डोलुटेग्रॅव्हिरचा जादा डोस लागतो. म्हणून घरी चालू असलेली सगळी औषधे, अगदी मेडिकलमधून आपणहून आणलेली जेलुसिलची बाटलीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

गोळी दररोज ठरावीक वेळी घ्या. विसरलात तर आठवताच घ्या, मात्र पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. स्वतःच्या मनाने थांबवणे हे सर्वांत वाईट, कारण अर्धवट औषधांत विषाणू सरावतो आणि मग तेच औषध त्याच्यावर चालेनासे होते. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागेत राबणाऱ्याची तारीख चुकते, लग्नसराईत कोणाची चुकते, आणि ‘एकच आठवडा तर गेला’ म्हणत महिना जातो. म्हणून गोळ्यांचा डबा संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर एखाद्या साध्या खुणेने मांडून ठेवा.

सहा महिन्यांनी विषाणूभाराची म्हणजे व्हायरल लोडची चाचणी होते, मग बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी. ही तारीख कोणत्याही सबबीवर चुकवू नका. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके कमी झाले आणि तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता जगभर मान्य झालेले सत्य आहे. पती-पत्नीपैकी एकच जण पॉझिटिव्ह असलेल्या जोडप्यांसाठी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. तरी निरोध कधी सोडायचा, मूल कधी होऊ द्यायचे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

येथे एका गैरसमजाची आठवण होते. व्हायरल लोड सापडेनासा झाल्यावर मी सांगितलेल्या दोघांपैकी एक जण उत्साहाने पुन्हा एका प्रयोगशाळेत जाऊन साधी चाचणी करून आला आणि ती पॉझिटिव्ह आल्याने हादरून गेला. ती चाचणी विषाणू मोजत नाही, प्रतिपिंडे शोधते, आणि ती शरीरात राहतातच. उपचार चालू असताना अशी चाचणी पुन्हा करण्यात काहीच हशील नाही. ‘निगेटिव्ह करून देतो’ म्हणत काढे आणि भस्मे विकणारे नेमक्या याच आशेवर धंदा करतात. त्यांच्या नादी लागून गोळ्या थांबवू नका.

गरोदर स्त्रीसाठी

गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी इतर तपासण्यांबरोबरच होते. निकाल पॉझिटिव्ह आला तरी आईने लगेच औषध सुरू केले, प्रसूती दवाखान्यात झाली आणि बाळाला जन्मानंतर औषधाचे थेंब मिळाले, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता अगदी कमी राहते. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते आणि अंतिम खात्री अठराव्या महिन्यात, कारण तोवर बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे फिरत असतात. स्तनपानाचा निर्णय सासूबाईंच्या किंवा शेजारणीच्या सल्ल्यावर सोडू नका, तो केंद्रातील डॉक्टरांसोबत घ्या.

कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही

सर्वांत आधी जोडीदाराला. हे बोलणे कठीण असते, तेव्हा समुपदेशकांच्या खोलीतच, त्यांच्या मदतीने करावे, हा माझा सल्ला आहे. संसर्गाचा खरा धोका असूनही तुम्ही सांगत नसाल, तर समुपदेशन करून आणि तुम्हाला कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक स्वतः जोडीदाराला सांगू शकतात, एवढी मुभा कायद्यात आहे. मात्र सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी साधार भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर त्यांनी सांगू नये असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. अशी भीती असेल तर ती पहिल्याच भेटीत बोलून दाखवा.

जोडीदाराव्यतिरिक्त कोणाला सांगायचे, हा हक्क तुमचा. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकाला सांगितले तर पुष्कळ ओझे हलके होते. काकू-मावशी, भिशीचे मित्र, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप येथे ती जाऊ नये.

नोकरीच्या ठिकाणी सांगण्याचे बंधन नाही. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीने नोकरी देण्याआधी एचआयव्हीचा कागद मागितला, तर ती अट कायद्यात बसत नाही, आणि केवळ एचआयव्हीमुळे कामावरून काढणेही बसत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत, आणि आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस किंवा अधिक असल्यास, या कायद्याखालील तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. रुग्णालयाने उपचार नाकारले तरी तक्रार करता येते. उत्पन्न फार कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही बाधितांचाही समावेश आहे. त्याची कागदपत्रे तहसील कार्यालयात द्यावी लागतात, आणि तेथे कोणासमोर काय बोलायचे हे आधी समुपदेशकांकडून समजून घ्या.

गाव बदलल्यास किंवा प्रवासात

नाशिकहून पुण्याला किंवा मुंबईला बदली झाली, तर आपणहून नव्या केंद्रात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करू नका. जुन्या केंद्रातून नोंद रीतसर पुढे पाठवून घ्या, म्हणजे औषधांचा इतिहास तुमच्याबरोबर जातो. गोळ्या नियमित चालू असलेल्यांना काही काळाने एकदम अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळतात, तेव्हा दर महिन्याच्या फेऱ्या वाचतात. मी सोबत गेलो होतो त्या दोघांपैकी एक जण दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातो. जवळपास महिनाभर तो घराबाहेर असतो. ज्येष्ठ लागण्याआधीच तो केंद्रात जाऊन गोळ्यांची सोय करतो, डबीवरचे लेबल काढून त्या साध्या प्लास्टिकच्या डबीत भरतो, पाऊस लागू नये म्हणून डबी दोन पिशव्यांत गुंडाळतो, आणि रात्री मुक्कामावर सगळे झोपले की पाण्याच्या बाटलीबरोबर एक घेतो.